तांबटआळी थांबवणारी बयजाक्का

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नक्की किती, ते माळेखडीत विचारू नका. दोन म्हाताऱ्या दोन आकडे सांगतील आणि तुमच्यासमोरच भांडत बसतील. पण त्या काळी गावात बयजाक्का होती आणि तिच्यासारखी न्हाऊ घालणारी पुन्हा झाली नाही, यावर मात्र दोघींचं एकमत होईल.

बयजाक्का घरोघरी जाऊन तान्ह्या बाळांना तेल लावायची, आंघोळ घालायची. पाय लांब सोडून बसायची, बाळाला नडग्यांवर घ्यायची आणि बोलायला लागायची. "काय वं म्हाराज, दूध प्यालासा का न्हाई?" असं विचारायची आणि थांबायची. हातातला तांब्यासुद्धा थांबायचा. बाळाने हुंकार दिला, तोंडाचा चंबू केला, निदान डोळे वळवले, की मगच पाणी अंगावर पडायचं. असं म्हणतात, की तिने तीनशे बाळं न्हाऊ घातली. नदीपलीकडून नुसतं रडणं ऐकून ती सांगायची, हे कुणाचं, किती महिन्यांचं, आणि भुकेलंय की लाडात आलंय!

या माळेखडीत तांबटआळी होती. तांबटआळी म्हणजे आवाज! घंगाळं, हंडे, बंब, कळशा; सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ठाण ठाण ठाण. असं म्हणतात, की सात पिढ्यांत दिवसाउजेडी तो आवाज एकदाही थांबला नव्हता. शेजारच्याची हाक शेजारच्याला ऐकू जायची नाही, म्हणून तांबट काम करताना हातांनी बोलायचे. मूठ उघडली-मिटली की भाता मार. दोन बोटं फिरवली की भांडं फिरव. तळवा आडवा धरला की थांब. अशा वीस-पंचवीस खुणा होत्या आणि सगळ्या कामाच्या.

या आळीला एक खूळ होतं. जे तान्हं हातोड्यांच्या आवाजात गाढ झोपेल, ते अस्सल तांबटाचं! जे दचकून रडेल, त्याच्या आईला टोमणे. त्रिंबक तांबटाच्या बायकोला, मथुराला, मुलगी झाली आणि ती पहिल्या दिवसापासून अशी झोपली, की अख्खी आळी बघायला आली. सासूबाई सगुणाबाईंनी गूळ वाटला. एवढी गुणाची पोर म्हणून बारशाला नावही गुणा ठेवलं.

चार महिन्यांची होईपर्यंत गुणा सगळ्या बाळांसारखी आगू-आगू करायची. मग आळीतली तिच्या बरोबरीची बाळं "बाबाबा, दादादा" करून घर डोक्यावर घ्यायला लागली आणि गुणा मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालली. कुणाच्या लक्षात आलं नाही. गप्प बाळाची तक्रार कोण करतंय? बयजाक्काच्या मात्र आलं. गुणाला उताणी धरून, तोंडासमोर तोंड नेऊन बोललं की पोर हसायची. पालथी घालून बोललं की काहीच नाही. एके सकाळी बयजाक्काने विचारलं आणि तांब्या धरून थांबली. थांबली, थांबली, तांब्यातलं पाणी गार झालं. तिच्या हातून त्या दिवशी प्रथमच एका बाळाची आंघोळ अर्धी राहिली.

"सगुणाबाई, पोरीला ऐकू येत न्हाई, असं मला वाटतंय."

सगुणाबाई उसळल्या. "काहीतरीच काय! आमचा त्रिंबक तीन वर्षांचा झाल्यावर बोलला. हीसुद्धा बोलेल."

"बोलू द्या की तीन वर्सांनी. पर ऐकायला काय मुहूर्त लागतोय?"

सगुणाबाई पाय आपटत आत गेल्या. मथुरा तिथेच बसून राहिली. मग खाली बघत तिने विचारलं, "आक्का, ही मला आई म्हणेल ना?"

बयजाक्काने गुणाला पुसून पोटाशी धरलं. आणि सांगतो, मथुराचा तो प्रश्न ऐकला की मलाही गलबलून येतं.

आता खात्री कशी करायची? त्या गदारोळात पोर ऐकत नाही की आवाजाला सरावली आहे, ते कळणार कसं? बयजाक्का उठली, गुणाला मथुराच्या कडेवर दिलं आणि थेट आबाशेटच्या भट्टीवर गेली. आबाशेट म्हणजे आळीचे मुख्य. त्यांचा हात थांबला तरच बाकीचे हात थांबणार. बयजाक्का ओरडली, "थांबा!" कोण ऐकतंय? तिने तळवा आडवा धरला. आबाशेटनी हसून मान फिरवली आणि हातोडा उचलला. आणि काय केलं असेल या बाईने? आपला हात सरळ ऐरणीवर ठेवला! हातोडा खाली आला, आला, आणि तिच्या बोटांवर तांदळाएवढं अंतर राहिलं तिथे थबकला. आबाशेटना घाम फुटला. शेजारच्याने ते बघून हातोडा खाली ठेवला, त्याच्या शेजारच्यानेही ठेवला, आणि बघता बघता सगळी आळी थांबली.

असं म्हणतात, की त्या शांततेत म्हाताऱ्या तांबटांना आपल्याच वळचणीच्या चिमण्या पहिल्यांदा ऐकू आल्या. नदी ऐकू आली. एकाला तर स्वतःचा श्वास ऐकून भीती वाटली!

बयजाक्काने आळीतल्या सगळ्या तान्ह्यांना बाहेर आणायला लावलं. मग गुणाच्या पाठीमागे जाऊन तिने मोठ्या घंगाळावर सगळी ताकद लावून टोला हाणला. काय तो आवाज! कुत्री नदीपार पळाली. अकरा बाळांनी एकदम भोकाड पसरलं. आणि गुणा? गुणा आईच्या मंगळसूत्राचे मणी मोजत असल्यासारखी एकेक चाचपत होती. तिची पापणीही हलली नाही.

मथुराला रडू फुटलं. सगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"रडताय कशाला?" बयजाक्का कडाडली. "आत्ता कळलं हे बेस झालं! पोर आठ म्हयन्यांची हाय. तीन वर्सं वाट बघत बसला असता, तर तीन वर्सं तिच्याशी कुणी बोललंच नसतं. आन तुमी तर सात पिढ्या हातानं बोलताय. मग तिच्याशी बोलायला काय धाड भरलीय?"

आळी एकमेकांकडे बघायला लागली. खरंच की! पण वीस-पंचवीस खुणांत भाता होता, विस्तव होता, पाणी होतं, आई नव्हती. कामाच्या जागी आईला कोण हाक मारतं? तेव्हा बयजाक्काने तिथेच नवी खूण केली. तळवा आधी गालावर, मग छातीवर. ही आई.

त्या दिवसापासून आळीतला जो तो गुणासमोर आला की मथुराकडे बोट दाखवून ती खूण करायचा. दाढीवाले आबाशेटसुद्धा! एक महिना गेला. दोन गेले. गुणा नुसती टुकूटुकू बघायची. पोर लवकर बोलावी म्हणून सगुणाबाईंनी पिंपळाच्या पानावर दूधभात भरवायला घेतला, तर बयजाक्का म्हणाली, "भरवा, पोट तर भरतंय. पर हात थांबवू नका."

मग एका सकाळी मथुरा चुलीपुढे भाकरी थापत होती. गुणा सगुणाबाईंच्या मांडीवर होती. मथुराने सहज मागे वळून पाहिलं आणि गुणाने हात उचलला. चिमुकला तळवा गालावर गेला. घसरला. पुन्हा गेला. मग छातीवर आला. सगुणाबाई आनंदाने किंचाळल्या, पण त्या ठणठणाटात कुणाला ऐकू जाणार? तशाच नातीला घेऊन त्या बाहेर धावल्या, आळीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी तळवा आडवा धरला. आळी दुसऱ्यांदा थांबली. पिठाचे हात घेऊन मथुरा मागून आली, आणि साऱ्या तांबटआळीसमोर गुणाने तिला पुन्हा हाक मारली. आई!

मथुराने लेकीचं तोंड ओंजळीत धरलं आणि तिचे पिठाने माखलेले हात गुणाच्या दोन्ही गालांवर उमटले. असं म्हणतात, की त्या दिवशी आबाशेटही रडले, आणि धूर डोळ्यांत गेला म्हणून भात्यावरच्या माणसाला ओरडले!

पुढे गुणा एवढी बोलायला लागली, की तिच्यासाठी आळीला पाचशे खुणा कराव्या लागल्या आणि तिचं बोलणं आवरताना मोठ्यांच्या नाकी नऊ आले. कुणी म्हणतं, मोठेपणी तिला कंठही फुटला. फुटला असेल, नसेल. बोलायची ती थांबली नाही, एवढं पक्कं.

आता तांबटआळीत मोजक्याच भट्ट्या उरल्या आहेत. पण बाळाच्या उष्टावणाच्या दिवशी त्या अजूनही बंद होतात. घरातली थोरली बाई बाळाच्या पाठीमागे बसून हाक मारते, आणि त्या हाकेला म्हणतात आक्काची हाक. पहिल्या वाढदिवसाला ती पुन्हा मारायची. बाळ वळलं तर टाळ्या आणि गूळ. नाही वळलं, तरी गूळ वाटायचा चुकत नाही. दुसऱ्या दिवशी चार जण आईसोबत तालुक्याच्या दवाखान्यात कान तपासायला जातात, आणि संध्याकाळपासून आळी त्या घरी बाळाशी हातांनी बोलायला येते. "थांबा, बोलेल हळूहळू" असं कुणी म्हणालं, तर त्याला बयजाक्काची शपथ घालून गप्प करतात.

आणि एक गोष्ट बाहेरच्या माणसाला नवल वाटायला लावते. माळेखडीत शाळेच्या दारात उभं राहून बघा. ऐकणारी असोत की न ऐकणारी, इथली सगळी पोरं आईला दोनदा हाक मारतात. एकदा तोंडाने आणि एकदा हाताने.