मुकुंदा शिंपी आणि काळजाची गोळी

एका गावात एक भोळा शिंपी होता. त्याचं नाव मुकुंदा. गावात दुसरा शिंपी नव्हता, त्यामुळे गावाचा इलाज नव्हता.

मुकुंदाला हल्ली दोन बाह्या शिवल्या की धाप लागायची. एकदा तर देवळाच्या पायरीवरच चक्कर येऊन पडला. बायको सुभद्रा त्याला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथं डॉक्टर इनामदारबाईंनी छातीवर यंत्र फिरवून पडद्यावर त्याचं काळीज बघितलं. या तपासणीला इको म्हणतात.

"मुकुंदराव, तुमच्या काळजाचा स्नायू जाड झालाय. रक्ताला बाहेर पडायची वाट अरुंद झालीय."

हे मुकुंदाला लगेच कळलं. "मग थोडं उसवा की," तो म्हणाला. "आत कापड सोडलेलं असेलच."

"उसवायचं काही नाही. रोज एक गोळी घ्यायची. पण गोळी जबरी आहे, ती काळजाचा जोर कमी करते. थोडा कमी झाला तर तुम्हाला आराम पडेल, फार कमी झाला तर जिवावर बेतेल. म्हणून दर महिन्याला इको. तो बघूनच मी पुढच्या गोळ्या देणार. तपासणी नाही तर गोळी नाही."

सुभद्रेनं हे पदराला गाठ मारून ठेवलं. मुकुंदानंही मारली असती, पण त्याला पदर नव्हता.

पहिल्याच सकाळी मुकुंदानं गोळी पाटावर ठेवली, खडूनं मधोमध रेघ मारली आणि कात्री उचलली. अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी, म्हणजे दिवसभर पुरेल. सुभद्रेनं त्याचा हात धरला आणि डॉक्टरबाईंना फोन लावला.

"कापायची नाही," बाई म्हणाल्या. "आली तशी अख्खी गिळायची."

मुकुंदा माणूस एकदा सांगितलेलं विसरणारा नव्हता. त्याच दिवशी शाळेचे घोरपडे गुरुजी पायजम्याचं कापड घेऊन आले. मुकुंदानं ते कापलं नाही. आलं तसं अख्खं शिवलं. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी पायजमा चढवला तर दोन्ही पाय एकाच नळीत. ते उड्या मारत दुकानात आले.

"अरे गाढवा, हा पायजमा आहे की पोतं?"

"कापायचं नाही असं डॉक्टरबाईंनी सांगितलंय, गुरुजी."

"माझ्या पायजम्याचं डॉक्टरबाईंना काय पडलंय?"

"ते त्यांना विचारा. मी पेशंट आहे."

सुभद्रेनं कपाळावर हात मारला. "अहो, ते गोळीचं सांगितलं होतं."

"मग तसं सांगायचं," मुकुंदा म्हणाला.

पुढच्या आठवड्यात बाजाराच्या गडबडीत गोळी घ्यायची राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुभद्रा बघते तर नवऱ्याच्या तळहातावर दोन गोळ्या. एक कालची, एक आजची. कुणाची बाकी ठेवायची त्याला सवय नव्हती. पुन्हा फोन.

"त्याच दिवशी आठवलं तर घ्यायची," बाई म्हणाल्या. "दिवस उलटला तर गेली ती गेली. कालची आज घ्यायची नाही. एका दिवसात दोन कधीच नाहीत."

त्या वेळी आबासाहेब भोईट्यांचा नेहरू शर्ट मशीनवर होता. आबासाहेब म्हणजे पंचायत समितीचे सभापती. त्यांच्या हस्ते गावात हृदयतपासणी शिबिराचं उद्घाटन व्हायचं होतं. मुकुंदानं आदल्या दिवशी उजवी बाही लावली होती. डावी राहून गेली होती. आबासाहेब शर्ट न्यायला आले.

"मुकुंदा, डावी बाही कुठाय?"

"ती काल राहिली, आबासाहेब. दिवस उलटला. आता लावता येत नाही."

"मग मी हात कुठं घालू?"

"गेली ती गेली म्हणायचं."

बाहेर जीप सुरू होती. दुसरा शर्ट आणायला वेळ नव्हता. आबासाहेब तसेच गेले आणि उघड्या हातावर शाल टाकून उभे राहिले. शिबिरात तपासणीचं यंत्र नव्हतं, डॉक्टर नव्हता, पेशंट म्हणून अंगणवाडीची पोरं बसवली होती. पण फीत होती, आणि ती कापायला मुकुंदाचीच कात्री नेली होती. फीत कापताना शाल घसरली. आबासाहेबांचा उघडा दंड सगळ्या गावानं पाहिला. कुणी हसलं नाही. सभापतींना हसायचं नसतं. उलट कार्यकर्त्यांनी आपसात विचार केला, की साहेबांनी केलंय म्हणजे त्यात काहीतरी धोरण असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी एकवीस कार्यकर्ते दुकानात हजर.

"मुकुंदा, आम्हालाबी एका बाहीचा शिव. साहेबांसारखा. डावी काढायची, उजवी नको."

मुकुंदानं वहीत लिहून घेतलं. त्याला त्यात नवल वाटलं नाही.

गोळीचा गुण येऊ लागला. देवळाच्या पायऱ्या मुकुंदा एका दमात चढला. बरं वाटलं म्हणून त्यानं गोळ्यांचं पाकीट फळीवर ठेवून दिलं. सुभद्रेनं ते त्याच दिवशी हेरलं. पुन्हा फोन.

"बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं थांबायचं नाही," बाई म्हणाल्या. "मी सांगेन तेव्हाच थांबायचं."

दुपारी शेजारच्या गंगूआत्या उशीचा अभ्रा शिवून घ्यायला दुकानात बसल्या होत्या. तीन बाजू झाल्या.

"झालं की रे छान," आत्या म्हणाल्या. "थांब आता."

"बरं वाटलं म्हणून थांबता येत नाही, आत्या."

चौथी बाजू झाली. मशीन चालूच. मग आत्यांच्या पदराचा काठ आला, तोही शिवला गेला. आत्या उठल्या तेव्हा अभ्रा त्यांच्यामागून घरापर्यंत गेला. उशी मात्र अजून बाहेरच होती.

मग मुकुंदाला आंबट ढेकर यायला लागले. किराणा दुकानदारानं पित्ताची गोळी देऊ केली. या वेळी सुभद्रेनं आधीच फोन लावला.

"बरं झालं विचारलंत," बाई म्हणाल्या. "या औषधाबरोबर साधी पित्ताची गोळीसुद्धा नडू शकते. मला विचारल्याशिवाय नवं काहीही सुरू करायचं नाही."

मुकुंदानं ते तंतोतंत पाळलं. सकाळी फोन. "बाई, पाटलांचा लेंगा सुरू करू का?" दुपारी फोन. "बाई, काजं सुरू करू का?" तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाई एका पेशंटला सलाईन लावत होत्या तेव्हा फोन आला, की पांढरं रीळ संपलंय, निळं सुरू करू का.

बाईंचा तोल गेला. "अहो मुकुंदराव, इतकी वर्षं धंदा करताय ना? मग धंद्यात जी अक्कल वापरता तीच इथं वापरा."

मुकुंदाला हे फार आवडलं. आजवर त्याला अक्कल वापरायला कुणी सांगितलंच नव्हतं.

महिना भरला. पाकिटात एकच गोळी उरली. सुभद्रेनं भाकरी बांधून दिली, एसटीच्या वेळा सांगितल्या आणि त्याला स्टँडच्या रस्त्याला लावलं. "इको करूनच यायचं. तपासणी नाही तर गोळी नाही," तिनं तीनदा सांगितलं. 

दोन तासांनी ती रानाकडं निघाली तर दुकानात मशीनचा आवाज. मुकुंदा एका बाहीचे शर्ट शिवत बसला होता.

"अहो, तुम्ही गेला नाहीत?"

"एकवीस शर्ट पडलेत, जाऊ कसा? माप पाठवलंय."

"कसलं माप?"

"काळजाचं. अगं, धंद्यातली अक्कल वापरली. गिऱ्हाईक कधी स्वतः येतं का? मापाला जुना सदरा पाठवून देतं. मीही माझा सदरा गाठोड्यात बांधून कंडक्टरजवळ दिला. चिठ्ठी लावलीय. काळीज डाव्या खिशाच्या मागं आहे, तिथं खडूनं खूण केलीय. गोळ्या परतीच्या गाडीनं येतील."

 सुभद्रेनं मशीनच्या चाकाचा पट्टा काढून कमरेला खोचला, नवऱ्याचं मनगट धरलं आणि पुढच्या एसटीत बसवलं. वाटभर तिनं मनगट सोडलं नाही.

दवाखान्यात दोघं पोचली तेव्हा सदरा बाकावर बसला होता. कारकुनानं त्याचा केसपेपर काढला होता. नाव होतं, गाव होतं, वजन लिहिलं होतं, दोनशे ग्रॅम. त्याला बत्तीस नंबर मिळाला होता. कागद पुरे असले की तिथं माणसाचं अडत नसे. मुकुंदा रांगेत सदऱ्याच्या मागं उभा राहिला. त्याला त्रेपन्न नंबर मिळाला.

"बत्तीस," शिपायानं पुकारलं. कुणी उठलं नाही. "पेशंट सहकार्य करत नाही," शिपाई म्हणाला आणि सदरा उचलून आत घेऊन गेला.

मग डॉक्टरबाई स्वतः बाहेर आल्या. त्यांनी आधी कारकुनाकडं पाहिलं, मग शिपायाकडं, मग मुकुंदाकडं. कुणाला आधी झापावं हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी मुकुंदाला टेबलावर झोपवलं आणि छातीवर यंत्र फिरवलं. सुभद्रा दाराशी श्वास धरून उभी होती.

"काळजाचा जोर ठीक आहे," बाई म्हणाल्या. "वाटही मोकळी होतेय. याच गोळ्या चालू ठेवा." सुभद्रेनं श्वास सोडला. बाईंनी महिन्याच्या गोळ्या दिल्या आणि बोट उगारून बजावलं, "पण पुढच्या महिन्याला मला सदरा नको. माणूस हवा. कळलं?"

"कळलं," मुकुंदा म्हणाला.

आणि खरंच कळलं होतं. महिनाभरात एक गोळी कापली नाही, चुकली नाही, थांबली नाही. तारखेच्या दिवशी, भर पौषातल्या थंडीत, मुकुंदा कुणी न सांगता पहिल्या एसटीनं तालुक्याला निघाला. स्टँडवर आबासाहेबांचे एकवीस कार्यकर्ते एका बाहीत कुडकुडत उभे होते. मुकुंदा त्यांच्यासमोरून ताठ मानेनं चालत गेला. खाली धोतर, हातात केसपेपर. वर सदरा नव्हता.

कार्यकर्त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. साहेबांचा शिंपीच असा निघालाय म्हणजे धोरण बदललं असणार.

मग सगळे बटणं काढायला लागले.