रिकाम्या तोंडानं पळा

फार पूर्वी एका तळ्याच्या मातीच्या बांधाखाली घुशींचं एक कुटुंब राहत होतं. बांध जुना झाला होता आणि जागोजागी झिरपत होता.

एके दुपारी सराव व्हावा म्हणून आई मुद्दामच ओरडली, "बांध फुटला! टेकाडावर पळा!" सगळे पळाले. वर पोचल्यावर आई बघते तर प्रत्येकाच्या तोंडात ज्वारीचं कणीस, आणि आंधळे आजोबा बिळातच!

"अगं, धान्य टाकून यायचं होय?" बाबा म्हणाले.

"तोंडात कणीस धरलंत, मग आजोबांना कशानं धरणार? चला, पुन्हा पळू. रिकाम्या तोंडानं!"

चार दिवसांनी बांध खरंच फुटला. बीळ बुडालं, धान्य वाहून गेलं. टेकाडावर आजोबा चिखल झटकत कुरकुरले, "केवढ्यानं ओढलंत रे मला! आणि खायला काहीच नाही आणलं?"

आईला हसू आवरेना.