करंगळीचं बळ

खूप जुन्या काळी, माल शिडाच्या गलबतांतून यायचा तेव्हाची गोष्ट. एका बंदरावर अंद्रियाशेठ नावाचा तांदळाचा व्यापारी राहत होता. माणूस दिलदार, पण तराजूत घातल्याशिवाय त्याला कशाचीच किंमत कळत नसे.

तिथल्या ख्रिस्ती मंडळीनं टेकडीवर प्रार्थनामंदिर बांधलं. एके दिवशी त्याची पितळी घंटा गलबतातून बंदरात उतरली आणि अख्खं गाव टेकडीवर धावलं. शेठच्या पायांना तर उसंत नव्हती. घंटा दोरानं ओढून मनोऱ्यावर चढवायची होती. ती भिंतीवर आपटू नये म्हणून खाली उभा होता शेठचा जावई, मंदिराचा गवंडी.

ओढणारे शेठनं आपल्या रीतीनं निवडले. वखारीतला मोठा काटा मागवला, एकेकाला पारड्यात बसवलं आणि दीड मणाच्या आतला माणूस बाजूला काढला. काथ्याचे दोर वळणारी रिबकाआजी मणभरसुद्धा भरली नाही. तिनं दोराचं शेवटचं टोक तरी धरू द्या म्हणून विनवलं.

शेठ हसला. "आजी, तू सावलीत बस. तुझ्याएवढा तांदूळ माझ्या पोत्यांतून सांडतो."

शेठची करंगळी सकाळीच पोत्याखाली चेंगरली होती, तिला चिंधी गुंडाळलेली होती. कोणीतरी त्या चिंधीकडे बोट दाखवलं, तर करंगळीवाचून कोणाचं काय अडलंय, असं म्हणून तो सर्वांत पुढे उभा राहिला.

घंटा चढू लागली. लोक ठेक्यात ओरडत होते, पोरं नाचत होती. अर्ध्यावर आली आणि शेठच्या मुठीतून दोर निसटला. तो मागच्यांवर कोसळला, सगळे आडवे झाले. दोर सरसर पळाला आणि घंटा थेट जावयाच्या डोक्यावर निघाली.

शेठनं डोळे मिटले. उघडले तेव्हा घंटा जावयाच्या डोक्यापासून हातभर उंचीवर झुलत होती.

रिबकाआजी सावलीत बसलीच नव्हती. मागे पडणारा सैल दोर ती पहिल्यापासून नारळाच्या बुंध्याला वेढे देऊन घेत होती. तेच वेढे आवळले आणि दोर थांबला.

जावयाला पोटाशी धरून शेठ म्हणाला, "आजी, चार बोटं धड असताना माझी मूठ सुटली कशी?"

"शेठ, दाखवायला पहिलं बोट. धरायला शेवटचं. दोर वळणाऱ्याला विचारा, करंगळी दुखली की त्या दिवशी पीळ बसत नाही." आजीनं त्याची मूठ आपल्या हातात घेतली. "हा हात ज्यानं घडवला, त्या प्रभूनंच मंडळीला स्वतःचं शरीर म्हटलंय. त्यानं एक बोटही उगाच लावलेलं नाही."

मग शेठ वेड्यासारखा प्रत्येकाकडे धावू लागला. करंगळी वर करून दोर धरून बघा, म्हणून सांगू लागला. तुम्हीही तशीच बादली उचलून बघा, पटेल.

काटा त्यानं स्वतः वखारीत परत नेला. संध्याकाळपर्यंत म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळा गाव दोराला लागला होता, पुढे शेठ नव्हे, तर आजी सांगेल तो उभा होता. घंटा वर बसली. तिचा पहिला ठोका शेठनं आजीकडून देवविला.

तात्पर्य: प्रभूच्या शरीरात ज्याला आपण सर्वांत लहान म्हणून बाजूला बसवतो, त्याच्याच जोरावर आपली मूठ आवळलेली असते.