जीभ बांधलेली घंटा

एकदा एका डोंगरपायथ्याच्या नगरात एका व्यापाऱ्याने कलाभवन बांधले. दगड दूरदेशाहून आणला, दारे सागाची केली, छताला झरोके ठेवले. सगळे झाले आणि मग एक साधीच अडचण पुढे आली. दारावर रखवालदार तर बसवला; पण त्याने आत काय सोडायचे आणि परत काय पाठवायचे? पहिल्याच आठवड्यात एक चित्रकार आला, एक मूर्तिकार आला, एक जण स्वतः विणलेली खाट डोक्यावर घेऊन आला, आणि एक गृहस्थ रिकाम्या हातांनीच आला. म्हणाला, "मी शीळ फार छान घालतो." रखवालदार इतका गांगरला की त्याने चौघांनाही बाकावर बसवून ठेवले.

तेव्हा व्यापारी डोंगराच्या कडेला राहणाऱ्या वृद्ध आचार्यांकडे गेला.

"आचार्य, मला एक वाक्य द्या. 'कला म्हणजे' असं सुरू होणारं. दारावरच्या दगडात कोरून घेतो. मग रोजचा गोंधळ नको."

"एकच वाक्य?" आचार्यांनी विचारले.

"जमलं तर लहान. पाथरवट एकेका अक्षराला दोन दोन दिवस लावतो."

आचार्य हसले आणि त्यांनी ते काम आपल्या शिष्येवर सोपवले. शिष्या बुद्धिमान होती. आश्रमातले सगळे ग्रंथ तिने वाचले होते. पण चूक होण्याची तिला एवढी धास्ती, की बाहेर कुणी दार वाजवले तरी आधी आपलेच काही चुकले असेल असे तिला वाटे.

तीन महिने ती त्या एका वाक्याशी झुंजली. 'जे सुंदर ते कला' असे तिने लिहिले. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना पाहिला आणि ते खोडले. सूर्य कुणी घडवला होता? मग 'मनुष्याने घडवलेले सुंदर ते कला' असे लिहिले. त्याच संध्याकाळी ती देवीच्या देवळात गेली. मूर्तीचे डोळे वटारलेले, जीभ बाहेर, गळ्यात मुंडमाळ. सुंदर कसे म्हणावे? आणि तरी गाभाऱ्यातून पाऊल निघेना. तेही खोडले. 'जी पाहणाऱ्याला आतून हलवते ती कला' असे लिहीत होती, तेवढ्यात आढ्यावरून पाल अंगावर पडली. ती आतून-बाहेरून इतकी हलली की शाईची दौत कलंडली. ते वाक्य खोडावेही लागले नाही.

शेवटी तिला वाक्य सापडले. 'कला म्हणजे उपयोगाच्या बंधनातून मुक्त झालेली मानवी निर्मिती.'

आचार्यांनी ते दोनदा वाचले. "कोरू दे," एवढेच म्हणाले. व्यापाऱ्याला वाक्य फार आवडले. पाथरवट कामाला लागला. खाटवाल्याला बाकावरून घरी पाठवण्यात आले.

यानंतर आठ-दहा दिवसांनी घडलेली गोष्ट. शिष्या तिन्हीसांजेला डोंगराच्या वाटेने परतत होती. भाद्रपद होता. धुके खाली उतरले होते. चार हातांपलीकडचे दिसत नव्हते. आणि त्या धुक्यातून आवाज येऊ लागला.

आधी तिला ते गाणे वाटले. मग वाटले, कुणी वाद्ये जुळवत असावे. एक खर्ज, त्याच्या वर एक मऊ, भरलेला स्वर, त्याच्या आतबाहेर करणारे लहान-मोठे नाद; कुणी पुढे, कुणी मागे, कुणी मध्येच थांबणारा; आणि तरी सगळे एकाच मोठ्या श्वासात बसलेले. ती वाटेच्या मधोमध उभी राहिली. अंगावर काटा आला. आपण श्वास घेत नाही आहोत हे तिच्या उशिरा लक्षात आले. मग धुके जरा फाटले आणि त्यातून गाई बाहेर आल्या. अकरा गाई, प्रत्येकीच्या गळ्यात पितळी घंटा, आणि मागे काठी घेतलेली एक गुराखीण.

"बाजूला व्हा बाई, शिंग लागंल!"

"मावशी, ह्या घंटा कुणी केल्या?"

"ओताऱ्यानं. पण तो देतो ते निसतं पितळ. म्होरं बसून कानशीनं घासून घेते मी. माझी सासू बी घ्यायची."

"किती घासायचं ते कसं ठरवता?"

"ऐकू येतं की!" गुराखिणीला त्या प्रश्नाचे नवल वाटले. "रानात कारवी डोक्याच्या वर जाते. डोळ्यांचा काय उपेग? सांजच्याला मी गुरं मोजतच न्हाई. आवाज भरला की अकरा आल्या."

शिष्या त्या रात्री झोपली नाही. हे कलाभवनात हवेच, असे तिच्या मनाने घेतले. पण वाक्य आडवे येत होते. घंटा तर पूर्णपणे उपयोगाची! सकाळपर्यंत तिने मार्ग काढला. घंटा गळ्यातून काढली, की ती उपयोगातून मुक्त होईल. मुक्त झाली, की कला होईल. तर्कात कुठेच फट नव्हती.

तिने त्यातला मऊ, भरलेला स्वर निवडला. तो पोवळीच्या गळ्यातला होता. (या कथेतल्या माणसांची नावे कुणी लक्षात ठेवली नाहीत. गाईंची तेवढी राहिली आहेत. पोवळ्यासारखी तांबूस, म्हणून पोवळी.)

"एकलीच नेऊन काय करशील गं?" गुराखीण म्हणाली. तिचा हात घंटेवरून निघत नव्हता. पण शिष्या आचार्यांची, सोबत व्यापाऱ्याचा माणूस. मोठ्या लोकांना नाही कसे म्हणावे? बदल्यात व्यापाऱ्याने नवी कोरी, सोन्याचा मुलामा दिलेली घंटा दिली. ती पोवळीच्या गळ्यात पडली. जुनी घंटा कलाभवनात आली आणि मखमलीच्या चौरंगावर बसली. येणाऱ्याजाणाऱ्याने ती वाजवू नये, कारण वाजणे हाही उपयोगच, म्हणून शिष्येने तिच्या आतला लाकडी लोळा, म्हणजे घंटेची जीभच, रेशमी दोऱ्याने घट्ट बांधून टाकला.

उद्घाटनाचा दिवस आला. नगरातले प्रतिष्ठित लोक जमले. दारावरचे वाक्य सोनेरी रंगाने भरले होते. आचार्य उच्चासनावर बसले होते. इतक्यात दाराशी गडबड ऐकू आली.

"काय आणलंय?" रखवालदार विचारत होता.

"आणलं न्हाई. न्यायला आलेय."

गुराखीण होती. लुगडे गुडघ्यापर्यंत भिजलेले, पायांना कारवीचे ओरखडे. ती सरळ चौरंगापाशी आली आणि तिने शिष्येकडे पाहिले.

"पोरी, घंटा दे. पोवळी काल रानातनं आली न्हाई. तुमची ती नवी घंटा हुबेहूब आमच्या मोरी गाईच्या घंटेवानी वाजती. मोरीचा आवाज ऐकला, मला वाटलं दोघी आल्या. गोठ्यात दावं मोकळं राहिलं तवा कळलं. रातीपासनं गुरं फिरवतेय, हाका मारतेय. कळपाचा अपुरा आवाज तिला आपला वाटंना झालाय. दिवस भरलेत तिचे. वाघरू फिरतंय वर."

शिष्येने घंटेकडे हात नेला.

व्यापारी वाईट माणूस नव्हता. पण सगळ्या नगरासमोर, पहिल्याच दिवशी, कलाभवनातली वस्तू गाईच्या गळ्यात परत जाणार, हे त्याला कसेसेच वाटले. तो शिष्येकडे वळला. "बाई, वाक्य तुमचं आहे, तुम्हीच सांगा. ही घंटा कामाला लावली तर ती कला राहील का?"

सगळे तिच्याकडे पाहू लागले. तिने दारावरच्या अक्षरांकडे पाहिले.

"नाही राहणार," ती म्हणाली.

"मग उद्या हिला परत आत कशी घ्यायची?"

"तुमच्या वाक्याचं तुम्ही बघा," गुराखीण म्हणाली. "माझी गाय व्यायला झालीय."

तेव्हा आचार्य आसनावरून उठले. चौरंगापाशी गेले. रेशमी गाठ सोडवू लागले, ती सुटेना. मग त्या सत्तरी ओलांडलेल्या विद्वानाने भरल्या सभेत, उरलेल्या दातांनी ती गाठ तोडली, घंटेचा पट्टा स्वतःच्या गळ्यात घातला, आणि तसेच वाजत वाजत दाराकडे निघाले.

सभेत कुणीतरी हसले आणि लगेच खोकल्याचे निमित्त केले. रखवालदार उठून उभा राहिला, पुन्हा बसला. "आत काय सोडायचं ते वर लिहिलंय," तो पुटपुटला, "बाहेर काय सोडायचं ते मला कुणी सांगितलेलं नाही."

शिष्या मागोमाग धावली. व्यापारीही धावला, आपली वस्तू चालली म्हणून, की आचार्यांना काही झाले असावे म्हणून, ते त्याचे त्यालाच ठाऊक.

डोंगरावर धुके तसेच होते. दहा गाई माळावर उभ्या होत्या. गुराखिणीने त्यांना हाकारले आणि आचार्य त्यांच्या मधून चालू लागले. घंटा वाजत होती, पण बाकीच्या दहांमध्ये ती उपरी वाटत होती.

"न्हाई बाबा," गुराखीण म्हणाली. "तुम्ही मान्सावानी चालताय. पोवळी चार पावलं टाकती, थांबती, गवताला वाकती, मग एकडाव मान झटकती."

आचार्यांनी मान डोलावली. चार पावले टाकली. थांबले. गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. मान झटकली.

शिष्येला आधी हसू आले, मग रडू. व्यापाऱ्याने मान दुसरीकडे वळवली. एवढ्या थोर माणसाला असे पाहणे त्याला सोसेना. चार पावले, थांबणे, वाकणे, मान झटकणे. पुन्हा चार पावले. कळप हळूहळू चढणीला लागला.

आणि मग आवाज भरला.

नेमका केव्हा, हे सांगता येणार नाही. आता नव्हता, आणि आता होता. दहा नादांच्या मध्ये जी एक जागा रिकामी होती, तिथे तो मऊ स्वर जाऊन बसला आणि सगळ्या डोंगराने एकदम श्वास घेतल्यासारखे झाले. व्यापारी जागच्या जागी थांबला. त्याने नकळत पायांतले जोडे काढले. धुक्याच्या आत, वरच्या अंगाला, कारवीच्या गच्च दाटीतून एक क्षीण हंबरडा आला.

पोवळीचा मागचा पाय दोन दगडांच्या फटीत अडकला होता. तिच्या पोटाशी, नुकतेच चाटून काढलेले, थरथरणारे वासरू उभे राहायची खटपट करीत होते. दगड व्यापाऱ्याने स्वतः सरकवला. त्याच्या रेशमी शालीत वासरू खाली आले.

उतरताना शिष्या आचार्यांच्या शेजारून चालत होती. तिने विचारले, "माझं वाक्य चूक होतं, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी माहीत होतं ना?"

"नाही," आचार्य म्हणाले. "मला वाटलं, असेलही बरोबर. चाळीस वर्षं मीही शोधतोय. पोरी, वाक्य चुकणं हा अपराध नाही. त्या सांजेला तू वाटेत उभी राहिलीस, तुझा श्वास थांबला, हे तूच मला सांगितलंस. ते तुझ्या वाक्यात बसत नव्हतं. तेव्हा तुझ्यापुढे दोन गोष्टी होत्या, वाक्य आणि घंटा. दोन्हींपैकी एक बदलायला हवी होती. तू घंटा बदललीस. तिची जीभ बांधलीस, म्हणजे ती तुझ्या वाक्याला खोटं पाडणार नाही. विद्वान माणसं हे फार करतात. मीही केलंय. कला कशाला म्हणायचं ते मला अजून ठाऊक नाही; पण जे ऐकून आपलं म्हणणं बदलावं लागतं, त्याची जीभ आपण बांधू नये, एवढं या वयात कळलंय."

दुसऱ्या दिवशी शिष्या पाथरवटाकडे गेली. तिला वाटले होते, व्यापारी रागावेल. पण तोच आधी येऊन शिडीखाली उभा होता. पाथरवटाने सोनेरी अक्षरे एकेक करून छिन्नीने सपाट केली. 'कला म्हणजे' एवढेच दोन शब्द राहू दिले, पुढे नुसता दगड. येणारे लोक आता दाराशी क्षणभर थबकतात, वाक्य पुरे होण्याची वाट पाहतात, आणि मग आत जातात. खाटवाल्याला निरोप गेला. रखवालदाराने आणखी एक बाक मागून घेतला.

वर्षभराने पोवळीची कालवड घंटा पेलण्याएवढी झाली. गुराखीण ओताऱ्याकडे निघाली, तेव्हा शिष्याही बरोबर गेली. ओताऱ्याच्या अंगणात दोघी शेजारी शेजारी बसल्या. तो कानस मारी, घंटा वाजवून दाखवी. गुराखीण डोळे मिटून मान हलवी. "न्हाई." पुन्हा कानस. "अजून न्हाई." सोनेरी कीस ओताऱ्याच्या मांडीवर साठत होता. ऊन अंगणातून सरकून भिंतीवर गेले. शिष्या ऐकत होती. काय ऐकायचे ते तिला माहीत नव्हते. या वेळी तिने मनात एकही शब्द तयार ठेवला नव्हता.

ओताऱ्याने पुन्हा एकदा हलकेच कानस फिरवली आणि घंटा वाजवली.

"हं," गुराखीण म्हणाली.

आणि शिष्या दचकली. कारण त्याच क्षणी, अगदी त्याच क्षणी, तीही "हं" म्हणाली होती.