माचीचे खालचे दार

खाडीच्या मुखाशी केवडी नावाचे गाव होते. भरतीला गावाची सावली पाण्यात पडे, ओहोटीला चिखलात. केवळनाथ महाराज तिथे कुठून आले, ते कोणालाच सांगता येत नसे. एका पहाटे धुके विरले आणि सुरंगीच्या झाडाखाली ते बसलेले दिसले, एवढेच जुनी माणसे सांगत. कोणी भाकरी आणली तर खावी, नाही आणली तर पाण्याकडे पाहत बसावे. भोळ्यांना वाटे महाराज झोपेत आहेत, शहाण्यांना वाटे सोंग आहे. महाराजांना दोघांचेही वाईट वाटत नसे.

गावात अगदी पाण्याला टेकून गोमती तांडेलणीचे घर होते. नवरा तापाने गेलेला, मूलबाळ नाही. घर लहान, पण मान मोठा. घरापुढे पाण्यात खांब रोवून त्यांवर फळ्यांची रुंद माची केलेली होती. शिमग्याच्या पुनवेला ग्रामदेवी पाणजाईची पालखी पलीकडच्या तीरावरून होडीने येई, ती सर्वांत आधी या माचीवर टेके आणि मग गावात शिरे. वर्षभर गोमतीला कोणी विचारत नसे. त्या दिवशी मात्र देवी तिची पाहुणी असे. त्या एका दिवसाच्या आधारावर ती बाकीचे वर्ष काढत होती.

आणि त्या माघात माचीची फळी तिच्या पायाखाली मोडली. वाकून पाहते तो खांब आतून पोखरलेले, नखाने उकरावेत असे मऊ. डागडुजीने भागणार नव्हते, माची नवीनच करायला हवी होती. लाकूड होते. परड्यातली किंजळ नवऱ्यानेच तोडून खाडीच्या पाण्यात मुरत घातली होती. प्रश्न होता तो भिकाजी मेस्त्रीचा, गावात लाकूडकाम करणारा तो एकच.

भिकाजीचा हात देवाने दिलेला, जीभ मात्र त्याची स्वतःची. त्याने नुकत्याच आपल्या दारी चिऱ्यांच्या पायऱ्या पाण्यापर्यंत बांधल्या होत्या. पालखी आता तिथेच उतरावी, रांडमुंड बाईच्या दारी देवीला किती वर्षे ताटकळत ठेवायचे, असे तो चार लोकांत हसत हसत बोलून दाखवी. गोमतीच्या कानावर ते येई.

लाकडाला करवत लावण्याआधी अंगणात तांदळाच्या पिठाने कामाची पुरती आखणी करायची आणि घरच्या माणसाने ती चालून पाहायची, अशी तिकडची रीत. मेस्त्री यायच्या आदल्या दिवशी गोमती महाराजांकडे गेली, पायांशी नारळ ठेवला आणि काही न बोलता रडून परत आली.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या सुमारास तिला जाग आली ती अंगणातल्या चाहुलीने. धुके उंबऱ्यापर्यंत आले होते. त्यात महाराज ओणवे होऊन, चिमटीतून पीठ सोडत रेघा ओढत होते. खांबांच्या जागी ठिपके, फळ्यांच्या जागी सरळ रेघा. एवढी मोठी आखणी, पण हात कुठे थांबला नाही. मध्यावर आल्यावर मात्र महाराजांनी एक चौकट काढली आणि तिच्यात रेघ ओढली नाही.

"चालून बघ," महाराज म्हणाले.

गोमती त्या पांढऱ्या रेघांवरून चालली. खाली मातीच होती, पण तिला पाणी हलल्यासारखे वाटले, आणि कुठेतरी दूर पालखीचे ढोल. चौकटीपाशी तिचे पाऊल आपोआप थबकले.

"हितं फळी नाय, महाराज?"

"घराला पुढचं दार असतं, मागचं असतं. माचीला खालचं असावं," महाराज म्हणाले. "कोण कुठून येईल, आपण काय सांगावं?"

तिने डोळे पुसले तोवर अंगणात धुकेच उरले होते.

भिकाजीने आखणी पाहिली आणि गडगडाटी हसला. एवढ्या वर्षांत फळीला फळी कशी बसवावी हे लोक त्याला विचारत आले, फळी कुठे बसवू नये हे कोणी शिकवले नव्हते. त्याने पायाने चौकट पुसली. गोमतीने पीठ आणून चौकटीची रेघ पुन्हा भरली. तेव्हा मात्र त्याचे हसू गेले. माचीला भोक ठेवायचे असेल तर आपण लाकडाला हात लावणार नाही, असे त्याने बजावले. आणि जाता जाता म्हणाला, "खंडित वस्तूवर देव टेकत नाय, गोमती. ही रीत मी नाय केली. भोक बुजव, नायतर पालखीची आशा सोड."

त्या रात्री तिचा डोळा लागला नाही. भोक बुजवावे तर महाराजांचा शब्द मोडतो. न बुजवावे तर देवी दारावरून पुढे जाते. शेवटी तिने मनाशी म्हटले की देवीला सगळी घरे आहेत, मला महाराजांवाचून कोण आहे? सकाळी नवऱ्याच्या जोडीचे होडीवाले जमले, त्यांनी खांब रोवले, फळ्या ठोकल्या आणि चौकट मोकळी ठेवली.

मानकऱ्यांनी भिकाजीचे ऐकले. पालखी त्याच्या पायऱ्यांवर उतरवायची ठरली.

पुनव उजाडली. दुपारच्या उधाणाला पाणी माचीच्या फळ्यांना लागू लागू झाले होते. गोमतीने तरीही माची सारवल्यासारखी लख्ख धुतली, कडेला आंब्याचे डहाळे बांधले आणि ओटी घेऊन उभी राहिली. पाहुणी येवो न येवो, यजमानाने तयार असावे! पलीकडून पालखीची होडी निघाली. नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाशी, नवे धोतर नेसून भिकाजी उभा, हाताने आपल्या पायऱ्यांची दिशा दाखवत होता. होडी माचीवरून पुढे जाऊ लागली. गोमतीने ओटीचे ताट कपाळाला लावले आणि डोळे मिटले.

तेवढ्यात भोवऱ्याने होडी गर्रकन फिरली. पालखी भोयांनी सावरली, पण नाळेवरचा भिकाजी पाण्यात गेला. पट्टीचा पोहणारा, तरी उधाणापुढे कोणाचे चालते? लोकांनी दोर फेकले, हाका मारल्या. डोके काही वर आले नाही.

गोमतीला पायाखाली ठोका ऐकू आला. कोणीतरी फळ्यांना खालून धडका देत होते. ओढीने मेस्त्रीला माचीखाली नेले होते आणि पाणी फळ्यांना भिडले होते. त्याला हवी होती तशी, फळीला फळी घट्ट! ठोके हळू होत गेले. गोमती चौकटीकडे धावली, पण ती पोहोचायच्या आत काळ्या पाण्यातून भिकाजीचे डोके वर आले, मग खांदे, जणू कोणी मनगटाला धरून त्याला उचलून फळ्यांवर ठेवत होते. तिने त्याला स्पर्शही केला नव्हता.

खोकून पाणी टाकल्यावर त्याने विचारले, "कोण होता तो? वरून हात आला. पिठानं माखलेला."

इकडे होडी, वल्ही कोणी मारत नसताना, हलकेच वळली आणि माचीला येऊन टेकली. मानकऱ्यांनी हात जोडले. पालखी आपल्या जुन्या जागी उतरली, चौकटीच्या शेजारी.

भिकाजी ओल्या धोतरानिशी सुरंगीखाली गेला. तिथे बसलेली मंडळी सांगत होती की महाराज सकाळपासून जागचे हलले नव्हते. फक्त मघाशी त्यांनी झोपेत उचलल्यासारखा उजवा हात पुढे केला आणि मागे घेतला. तो हात कोपरापर्यंत भिजला होता, नखांत खाडीचा चिखल होता आणि बोटांच्या पेरांवर पीठ तसेच कोरडे राहिले होते.

भिकाजीने पाय धरले.

"माझ्या पाया का पडतोस?" महाराज म्हणाले. "मी रेघ ओढली. पुसलेली रेघ पुन्हा भरली ती तिनं."

भिकाजी परत माचीवर आला. देवीपुढे गावाची रांग लागली होती, ती सोडून तो गोमतीपुढे वाकला. ती संकोचून मागे सरली. मग तो चौकटीच्या काठाशी आडवा झाला आणि त्याने कपाळ फळीवर टेकवले.

"काठाला कुसं राहिलीत, गोमतीबाय," मान न उचलता तो म्हणाला. "कोणाच्या हाताला लागतील. माझा रंधा मागवू?"

"मागव," गोमती म्हणाली.