दोन पायऱ्यांच्या मधला आकडा

“मग तो म्हातारा तुझा कोण?”

दस्तगीरबाबांनी विचारलं. तेच तर विचारायला श्रीरंग एवढ्या लांब आला होता.

बाबा फकीर माणूस. गावाबाहेर, कब्रस्तानाला लागून त्यांचा तकिया, म्हणजे राहायची झोपडी. शेजारचा पडीक तुकडा नगरपालिकेनं बेवारस मयतांसाठी सोडलेला. रस्त्यावर, स्टँडवर कुणी मेलं आणि न्यायला कुणीच आलं नाही, की पोलीस बाबांना निरोप धाडायचे. बाबा त्या माणसाला आंघोळ घालायचे, मातीआड करायचे. जात विचारायचे नाहीत. विचारणार तरी कुणाला?

श्रीरंग हुशार, आणि त्याला हुशारीचा माज होता, हेही सांगून टाकलेलं बरं. शहरातल्या एका प्रयोगशाळेत तो रक्तावरून, दातावरून माणूस ओळखून द्यायचा. स्वतः वाढला अनाथाश्रमात. आडनाव अधीक्षकांचं, जन्मतारीख अंदाजाची.

चटईवर बसून त्यानं बाबांना सगळं समजावून सांगितलं. माणसाच्या डीएनएत, रक्तातल्या वंशाच्या खुणेत, काही ठरलेल्या जागा असतात. प्रत्येक जागेवर दोन आकडे, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. यंत्रापाशी नेहमी सापडणाऱ्या आकड्यांची शिडी असते आणि बहुतेकांचे आकडे तिच्या कुठल्या ना कुठल्या पायरीवर बसतात. श्रीरंगचा एक आकडा मात्र दोन पायऱ्यांच्या मधेच लोंबकळत होता.

नोकरीला लागला तेव्हाच हे कळलं. तिथं काम करणाऱ्या प्रत्येकाचं रक्त आधी तपासून ठेवतात. उद्या कुणाचा घाम नमुन्यात पडलाच, तर पकडता यावा म्हणून. साहेबांना वाटलं, यंत्र बिघडलं. पुन्हा लावलं. आकडा तिथंच.

मग कुठला आकडा किती लोकांत सापडतो त्याचे तक्ते चाळून झाले... देशातले, परदेशातले. असा आकडा कुणाच्याच नावावर नव्हता.

बरोबरचे लोक चेष्टा करायचे, तुला देवानं सवडीनं बनवलंय म्हणून. श्रीरंग ते हसण्यावारी न्यायचा, पण आतून सुखावायचा. ज्याला मागेपुढे कुणी नाही त्याला मिरवायला एवढं तरी हवंच की. खोलीवर परतला की मात्र तोच आकडा त्याला खायला उठायचा.

आणि एक दिवस या गावच्या स्टँडवर सापडलेल्या एका बेवारस म्हाताऱ्याचे दोन दात तपासणीला आले. त्याच जागेवर, दोन पायऱ्यांच्या मधे, तोच आकडा.

 श्रीरंगला वाटलं, आपलीच थुंकी उडाली, आपलाच हात लागला. शरमेनं त्यानं तो निकाल बाद केला, दुसरा दात घेतला आणि सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा तोच आकडा. बाकीच्या जागा बघितल्या, तर त्या काही श्रीरंगशी तंतोतंत जुळत नव्हत्या. म्हणजे आकडा खरोखर म्हाताऱ्याचाच होता. या सगळ्यात दिवस गेले, आणि तोवर म्हातारा इथं मातीआड झाला.

“बाप?” बाबांनी विचारलं.

“नाही. बाप नव्हे, एवढं नक्की. चुलता असेल, आजोबा असेल... किंवा कुणीच नसेल.”

“तुझं यंत्र काय म्हणतं?”

“यंत्र म्हणतं, हा आकडा दुर्मीळ असेल तर म्हातारा बहुतेक माझा. नसेल तर काही सांगता येत नाही.”

“आणि दुर्मीळ आहे का नाही, हे कुणाला ठाऊक?”

“तक्त्याला.”

“तक्त्यात त्या म्हाताऱ्याचं रक्त होतं?”

“नाही.”

“तुझ्या आईचं?”



श्रीरंगचा माज उतरला तो इथं. मान खाली घालून त्यानं कबूल केलं, की तक्ते बनतात ते कॉलेजांत, रक्तपेढ्यांत, जिथं माणसं आयती सापडतात तिथं. डोंगरातल्या पाड्यांवर, पालं ठोकून राहणाऱ्यांकडे सुई घेऊन फारसं कुणी गेलेलंच नाही. एखाद्या अख्ख्या जमातीत घरोघरी हाच आकडा असेल, आणि तक्त्यात मात्र शून्य.

“मग बरंच झालं की,” बाबा म्हणाले. “एक म्हातारा गेला, पण जमात मिळाली.”

“जमात घेऊन काय करू, बाबा? मला एक माणूस हवाय. माझा. हक्कानं रडता येईल असा.”

तो बोलून गेला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. पण खरं तेच होतं. आकडा दुर्मीळ निघावा असं त्याला मनापासून वाटत होतं. मग आपलं एकुलतं एक माणूस मातीखाली का असेना. इतकं एकटं कुणी असू नये.

त्यानं हळूच विचारलं, “आंघोळ तुम्हीच घातलीत ना? तोंडावळा... माझ्यासारखा होता का? हा कान बघा. पाळी गालाला चिकटलेली आहे. असा होता?”

बाबांनी त्याचा कान हातात धरून नीट पाहिला. घाई केली नाही.

“पोरा, आंघोळ घालताना मला सगळेच कुणासारखे तरी दिसतात.”

मग श्रीरंगनं कबर दाखवा म्हटलं. दोघं उठून त्या पडीक तुकड्यात गेले. मातीचे उंचवटे होते, एकाला लागून एक. पोलिसांनी रोवलेल्या नंबरांच्या पट्ट्या गुरांनी केव्हाच पाडल्या होत्या. नाव कशावरच नव्हतं.

“यातली कुठली?”

“मला ठाऊक आहे.”

“मग सांगा ना.”

“सांगितलं, तर तू बाकीच्यांना ओलांडून जाशील.”

श्रीरंग चिडला. एवढ्या लांबून काय थट्टा करून घ्यायला आलो का, म्हणाला. रजा काढून, धक्के खात आलोय, म्हणाला. बाबा ऐकून घेत राहिले. बोलता बोलता श्रीरंगचा आवाज फाटला. ऊन चढलं होतं. आसपास कुणी नव्हतं.



“बाबा, आणि मी चुकीच्याच माणसापाशी बसून रडलो तर?”

बाबा खाली वाकले. सगळ्यात जवळच्या उंचवट्याच्या कडेला काटेरी झुडूप वाढलं होतं, ते त्यांनी हातानं उपटून बाजूला टाकलं आणि एका माणसाला बसता येईल एवढी जागा मोकळी केली.

“त्याच्याकडं तरी दुसरं कोण आलंय?”