गुणाजी मास्तरांचा वरचा सूर

एका संस्थानात राजाच्या पदरी मोठा बँड होता. त्यात गुणाजी मास्तर ट्रॉम्बोन वाजवीत. या लांब पितळी वाद्याला ना पट्ट्या असतात, ना भोकं. नळी पुढेमागे सरकवायची आणि कुठे थांबायचं ते कानाने ठरवायचं. मास्तरांचा वरचा सूर लागला की राजा डोळे मिटून मान डोलवी.

राजाने मास्तरांना शिकवण्याचं कामही दिलं. मास्तरांनी सगळं मन लावून शिकवलं. फक्त तो वरचा सूर शिकवताना ते शिष्यांना नळी मुद्दाम बोटभर अलीकडे थांबवायला लावीत. उद्या एखादा शिष्य आपल्या खुर्चीवर बसला तर? ही भीती त्यांना पोखरत असे.

यसबा नावाचा शिष्य एकदा भीतभीत म्हणाला, "मास्तर, हा सूर कानाला टोचतोय."

"कान आहेत का सुपं? मी सांगतो तिथंच थांबायचं!"

सगळे हसले. यसबा पुन्हा काही बोलला नाही. बँडमध्ये तो सूर आला की मास्तर शिष्यांना गप्प बसवून एकटेच वाजवीत. त्यामुळे कोणालाच काही कळलं नाही.

पुढे शेजारचा राजा पाहुणा म्हणून आला. राजाने फर्मावलं, "उद्या दरबारात नुसते ट्रॉम्बोन वाजतील. गुरू आणि शिष्य, सगळे मिळून. वरच्या सुरासकट!"

मास्तर घरी येऊन विचार करत बसले. शिष्यांना बोलावून खरी जागा दाखवायला अजून वेळ होता. पण मग लबाडी उघडी पडली असती. 'मीच इतक्या जोराने फुंकीन, की त्यांचं कोणाला ऐकूच येणार नाही,' असं त्यांनी ठरवलं.

दरबार भरला. वादन रंगलं आणि वरचा सूर आला. सगळ्या शिष्यांचा सूर एक लागला, मास्तरांचा एकट्याचा वेगळा. पाहुण्याने दोन्ही कानांवर हात ठेवले.

राजा थक्क झाला. "मास्तर, तुम्ही बेसूर?"

"महाराज, मी बरोबर आहे! हे सगळे चुकले!"

"सगळे? आणि एकाच जागी?" राजाचा आवाज एकदम खाली आला. "यांना शिकवलं कोणी?"

 मास्तरांच्या हातातली नळी सुटून फरशीवर खणकन आपटली. यसबा त्यांच्याकडे बघतच राहिला. इतकी वर्षं तो आपल्याच कानांना दोष देत आला होता.

तात्पर्य: आपलं मोठेपण टिकवायला जो शिष्यांना चुकीचं शिकवतो, तो खरं बोलतो तेव्हा त्याच्या बाजूने उभं राहायला कोणीच उरत नाही.